अठ्ठेचाळिसावा गजगा

सुआमेच्या गल्लीत, स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेर,
जुन्या टायरवर ठेवलेला तो लाकडी पाट आता नाही.
बारा खळगे होते त्याला,
एकाला तडा गेलेला, तड्यात ग्रीस.
आता तेच बारा खळगे फोनमध्ये आहेत,
गुळगुळीत, एकसारखे,
आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला.

हा आकडाच मला खपत नाही.
ओवारेत मोजायचं ते डोळ्यानं, आणि तेही चोरून.
मी बोट लावलं की म्हातारा अज्यापोंग म्हणायचा,
"सेरवा, हिशेब आत, गल्ल्यावर कर."

रात्री साडेदहाला जमतो, कॉल चालू ठेवून.
एकुआ लीड्समधून, इस्पितळाबाहेरच्या बसथांब्यावर.
फीफी ताकोराडीत गोदाम राखतो,
त्याच्यामागे कायम एक कुत्रा भुंकत असतो.
ओडामे तेमाच्या बंदरात, ट्रकच्या केबिनमध्ये.
खेळणारे दोघे, उरलेले बघे.
पण बघ्यांशिवाय ओवारे कसला!
"डावीकडून तिसरा, अगं, डावीकडून तिसरा!"
फीफीचं हे पोचेपर्यंत माझी चाल होऊन गेलेली असते.

लाइट जाते. कुमासीत ती जायचीच.
घड्याळ मात्र चालत राहतं,
त्याला अंधाराचं काय!
दोनदा मी अशी हरले, जिंकता जिंकता,
एका दांडीच्या रेंजसाठी
खुर्चीवर उभी राहून, फोन छताला लावून.

ओडामेचं सांगायचं तर,
समोरासमोर तो कधी हरला नाही.
त्याचा पंजा मोठा, आणि पेरून झालं तरी
मुठीत एक गजगा राहून जायचा.
सगळ्यांना माहीत होतं.
अज्यापोंगलाही. तो तेवढ्यात आभाळाकडे बघायचा.
मग एका वर्षी गजगे मोजले तर सत्तेचाळीसच.
आम्ही दहा नंबरचा एक गंजका नट घेतला,
तो अठ्ठेचाळिसावा.
नट कुणाच्या खळग्यात पडला की फीफी म्हणायचा,
"घ्या, पाहुणे आले."

फोन लबाडी करू देत नाही.
सात उचला, सातच पेरतो.
पहिल्या महिन्यात ओडामे अकरा डाव हरला.
एकुआनं हसरं तोंड पाठवलं, मग खोडलं.
त्यानंतर चार रात्री तो आलाच नाही.

आला तेव्हा डाव माझ्याशी.
बघता बघता त्याची बाजू कोरडी पडली,
सहाच्या सहा खळगे रिकामे.
ओवारेचा नियम असा, की समोरच्याला उपाशी ठेवायचं नाही.
त्याच्या घरात दाणा पोचेल अशीच चाल खेळायची.
फोननं माझे पाच खळगे काळे केले,
एक तेवढा उजळ ठेवला. दे, इथूनच दे.
मला राग आला.
मी दिलाच असता की!
देण्याआधी जरा थांबले असते,
त्याला थोडा घाम फुटू दिला असता,
अज्यापोंग खाकरला असता,
मग दिला असता.
ते थांबणं माझं होतं.

गजगे पडताना फोन खोटा टपटप आवाज काढतो,
नळ गळल्यासारखा. तो मी बंदच ठेवते.
त्या रात्री बंद असूनही ऐकू आलं,
टक्. टक्. टक्.
"काय रे ते?" फीफीनं विचारलं. कुत्राही गप्प झाला होता.
ओडामेनं कॅमेऱ्यापुढे चिमूट धरली.
राखाडी, एका बाजूनं झिजून चपटा झालेला.
"डॅशबोर्डवर आपटतोय," म्हणाला,
"हात मोकळा राहवत नाही."

इतकी वर्षं खिशात!
आणि नट बिचारा पाहुणा म्हणून राबला.

आता त्याची पाळी आली की आम्ही बोलत नाही.
पडद्यावर गजगे मुकाट सरकतात
आणि आवाज तेमाहून येतो, खळग्यागणिक एक.
काल त्यानं नऊ उचलले.
पडद्यावर नऊ पडले, मी डोळ्यानं मोजले.
टक् मात्र आठच.

एकुआची बस आली असावी, दार उघडल्याचा आवाज झाला.
फीफी खाकरला.
मी माझी चाल खेळले.